खुणेला वाली हवा

सह्याद्रीतल्या वाटांवर खुणा नाहीत, अशी तक्रार दर पावसाळ्यात एखादा गट डोंगरात अडकला की ऐकू येते. ही तक्रार अर्धीच खरी आहे. राजमाची, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कळसूबाई अशा गर्दीच्या वाटांवर नीट पाहिले तर खुणांचा तुटवडा मुळीच दिसत नाही. कातळावर पांढरे बाण असतात, त्यांच्याच शेजारी कुण्या मंडळाच्या आद्याक्षरांसह पिवळे बाण असतात, खोडांवर लाल ठिपके, कारवीला बांधलेल्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या फिती, आणि अधूनमधून दगडावर दगड रचून केलेल्या राशी. यातला कोणता बाण गडावर नेतो, कोणता पाण्याच्या टाक्याकडे, कोणता एखाद्या जुन्या शर्यतीपुरता मारलेला आहे आणि कोणत्या बाणाची वाट दरड कोसळून केव्हाच मोडली आहे, हे सांगणारे तिथे कुणी नसते. ज्याने खूण केली तो त्या दिवशी घरी गेला, आणि खूण मात्र पुढची कित्येक वर्षे अनोळखी माणसांना वाट सांगत राहिली. माझे म्हणणे एवढेच आहे: निवडक वाटांवर एकाच पद्धतीच्या, अधिकृत, नावानिशी कुणाच्या तरी जबाबदारीवर सोपवलेल्या खुणा असाव्यात, आणि ज्या खुणेला वाली नाही ती पुसून टाकावी. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे अजून कुणी लक्ष दिलेले नाही.

वाट चुकणे हा आपल्याकडे बेफिकीर माणसाचा दोष समजला जातो. शहरातून आलेली पोरे, पायात धड बूट नाहीत, मग चुकणारच, असा एकूण सूर असतो. पण जन्म डोंगरात गेलेल्या माणसांनीच चकव्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. रात्रभर चाललो आणि पहाटे पाहतो तर पुन्हा त्याच झाडाखाली, हा अनुभव गावोगाव सांगितला जातो. ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले. त्यांनी काही जणांना जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात आणि काहींना ट्युनिशियातल्या सहारात सोडले, काही तास सरळ चालत राहा असे सांगितले आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांचा माग नोंदवला. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आले तेव्हा जंगलातली माणसे गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री कायम होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांची वर्तुळे तर वीस मीटर व्यासाइतकी लहान निघाली. एकच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे, त्यामुळे एक पाय आखूड असल्याने माणूस गोल फिरतो ही जुनी समजूतही टिकली नाही. बाहेरचा आधार सुटला की दिशेच्या अंदाजातल्या बारीक बारीक चुका साठत जातात आणि शेवटी ‘सरळ’ म्हणजे काय हेच मनात सरकते. हा माणसाच्या शरीराचा स्वभाव आहे. त्यात शहरी आणि गावकरी असा भेद नाही. सराव असलेल्या माणसाला बाहेरचे आधार अधिक दिसतात, इतकाच काय तो फरक. ऑगस्टमधल्या सह्याद्रीत सूर्य नसतो, समोरचा सुळका नसतो, दहा पावलांपलीकडचा सोबती नसतो. अशा वेळी कातळावरची खूण हाच एकमेव आधार उरतो, आणि म्हणूनच ती खोटी असून चालत नाही.

त्यातून सह्याद्रीची ठेवण वाट चुकलेल्याला सांभाळून घेणारी नाही. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून हा डोंगर झाला आहे, त्यामुळे त्याचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे: कडा, मग पठार, मग पुन्हा कडा. पठारावर माणूस कुठूनही चालू शकतो, उतरायला जागा मात्र एखादीच असते, एखादी नाळ किंवा एखादी सोंड. ती दोनशे मीटरने चुकली की समोर कडाच येतो. वाट चुकलात तर ओढ्याच्या कडेने खाली उतरत जा, कुठे तरी वस्ती लागेल, असा एक सल्ला पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आपल्याकडे आला आहे. सौम्य उताराच्या मुलखात तो चालत असेल, इथे तो जीवघेणा आहे, कारण इथला ओढा वस्तीकडे जाण्याआधी कड्यावरून उडी घेतो. चढताना डोंगर पुष्कळ चुका पोटात घालतो, कारण वर जाणाऱ्या वाटा धारेवर एकमेकींना मिळत जातात. उतरताना त्याच वाटा फुटत जातात, आणि दिवस कलत असतो, पाय दमलेले असतात, आपण आलो ती वाट ओळखीची आहे असा भ्रम असतो. ढोरवाटा माणसांच्या वाटांपेक्षा जास्त मळलेल्या असतात आणि चरणीच्या किंवा पाण्याच्या जागी जाऊन विरतात. वन विभागाने वणव्यासाठी काढलेल्या जाळरेषा रुंद आणि स्वच्छ असतात, त्यामुळे नवख्याला तोच राजमार्ग वाटतो. कातळावर पाऊल उमटत नाही. पावसात धुके, पावसानंतर डोक्याइतके गवत आणि कारवी, उन्हाळ्यात पाचोळा, असे बाराही महिने वाट झाकणारे काही ना काही असतेच.

ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला तोलार खिंडीच्या बाजूने हरिश्चंद्रगडाकडे निघालेला पुण्याचा एक गट पावसात आणि धुक्यात भरकटला, आणि त्यातल्या एकाचा थंडीने जीव गेला. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या परिसरात दिल्लीहून आलेला एक तरुण वाट चुकला. आपण हरवलो आहोत हे त्याने घरच्यांना फोनवरून कळवले, मग संपर्क तुटला, आणि काही दिवसांच्या शोधानंतर दरीत त्याचा मृतदेह सापडला. खुणा असत्या तर हे दोघे नक्की वाचले असते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. थंडी, एकटेपणा, उशीर, अनोळखी मुलूख अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन अपघात घडतो. पण दोन्ही घटनांची सुरुवात वाट सुटण्यापासून झाली, आणि पुढचे सगळे त्यानंतर घडले, एवढे खात्रीने सांगता येते. जपानचे पोलीस डोंगरातल्या दुर्घटनांची वर्षवार नोंद ठेवतात. २०२३ मध्ये तिथे साडेतीन हजारांहून अधिक माणसे अशा दुर्घटनांत सापडली, आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांच्या बाबतीत कारण होते वाट चुकणे. पडणे, घसरणे, दुखणे ही कारणे त्याच्या मागे होती. आपल्याकडे अशी सलग नोंद ठेवली जात नाही, हीसुद्धा एक मोठी त्रुटी आहे. कोणत्या फाट्यावर माणसे चुकतात हे बचाव पथकातल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते, पण ते कुठल्या सरकारी कागदावर उतरत नाही.

चांगली खूण म्हणजे काय, याचा विचार युरोपात दीडशेहून अधिक वर्षे झाला आहे. पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या जंगलात क्लोद-फ्राँस्वा दनकूर या माजी सैनिकाने १८४२ च्या सुमारास निळ्या खुणांच्या वाटा आखल्या. झेक पर्यटक मंडळ १८८८ मध्ये स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी पहिली वाट रंगवली. आज त्या छोट्याशा देशात चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक वाटा एकाच पद्धतीने रंगवलेल्या आहेत: दहा सेंटिमीटरचा चौकोन, दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी. हे काम पगारी नोकर करत नाहीत, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक करतात, आणि प्रत्येक वाट ठरावीक वर्षांनी पुन्हा रंगवली जाते. स्वित्झर्लंडने तर १९७९ मध्ये मतदान घेऊन पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत आणला, आणि १९८७ पासून तिथे त्याचा कायदा लागू आहे. वाटा आखणे आणि राखणे हे तिथल्या प्रांतांचे कर्तव्य आहे, आणि एखादी नोंदलेली वाट रस्त्याखाली किंवा धरणाखाली गेली तर तिला योग्य पर्याय द्यावा लागतो. सुमारे पासष्ट हजार किलोमीटर वाटांचे तीन वर्ग केले आहेत. पिवळी खूण म्हणजे कुणीही चालावे अशी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे पाय पक्का असणाऱ्यांची डोंगरवाट, आणि पांढरी-निळी-पांढरी म्हणजे जिथे हातांचा, कधी दोराचाही वापर करावा लागेल अशी अवघड वाट. फाट्यावरच्या पाटीवर अंतर नसते, न थांबता चालल्यास किती वेळ लागेल ते असते. डोंगरात किलोमीटर फसवे असतात हे त्यांनी ओळखले आहे.

या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती रंगापेक्षा शिस्त. एका खुणेपाशी उभे राहिले की पुढची दिसली पाहिजे. फाट्याआधी एक खूण आणि वळल्यानंतर थोड्याच अंतरावर, आपण बरोबर वळलो याची खात्री देणारी दुसरी. जाताना दिसते तशीच येतानाही दिसली पाहिजे, म्हणजे दगडाच्या दोन्ही अंगांना रंग हवा. आपल्याकडचे बहुतेक बाण चढणाऱ्यासाठी मारलेले आहेत, उतरणाऱ्याला दगडाची कोरी पाठ दिसते. आणि वर पाहिले तसे, चुकण्याची भीती उतरतानाच जास्त. पठारावर जिथून वाट वर येते ती जागा दुरून ओळखू यावी इतकी ठळक हवी, कारण परतताना तीच शोधायची असते. उलट जिथे वाट दोन दगडी कठड्यांमधून जाते, चुकायला जागाच नाही, तिथे रंगाचा थेंबही नको. खुणांची गर्दी झाली की माणूस पाहणे सोडतो.

पण उत्तमातली उत्तम खूणही तिच्यावर विसंबणाऱ्याला एका अर्थाने आंधळे करते, हा आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेतली ॲपलाचियन वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची आहे आणि तिच्यावर दोन इंच रुंद, सहा इंच उंच अशा दीड लाखांहून अधिक पांढऱ्या पट्ट्या आहेत. दोन पट्ट्या एकावर एक असल्या की वळण आले असे समजायचे. जुलै २०१३ मध्ये मेन राज्यात या वाटेवरून चालणारी एक अनुभवी प्रौढ स्त्री नैसर्गिक विधीसाठी वाटेवरून थोडी बाजूला गेली आणि तिला परतीची वाट सापडली नाही. नवऱ्याला पाठवलेले संदेश सिग्नल नसल्याने पोचले नाहीत. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती जंगलात जिवंत होती, हे तिच्या वहीवरून कळले. तिचे अवशेष दोन वर्षांनी सापडले, वाटेपासून दोन मैलांच्या आत. जगातल्या सर्वांत नीट रंगवलेल्या वाटांपैकी एकीवर हे घडले. यावरून खुणा कुचकामी आहेत असे कुणी म्हणेल. मला त्यातून दिसते ते वेगळे: खूण वाट दाखवते, वाट सोडली तर काय करायचे ते दाखवत नाही. ते शिकवावेच लागते. वाट सुटली असे वाटताच थांबणे, शेवटची खूण जिथे पाहिली तिथवर परतणे, तेही जमत नसेल तर एका जागी बसून राहणे, ही तीन वाक्ये प्रत्येक पायथ्याच्या पाटीवर ठळक लिहिलेली असली पाहिजेत. आणि ‘शेवटची खूण’ या शब्दांना अर्थ येण्यासाठी आधी भरवशाची खूण असावी लागते. आज वाट चुकलेला माणूस मागे फिरून शेवटच्या बाणापाशी आला, तरी तो बाण खरा होता की नाही याचीच त्याला खात्री नसते. अर्धवट खुणांची वाट बिनखुणांच्या वाटेपेक्षा वाईट. बिनखुणांच्या वाटेवर माणूस निदान सावध असतो.

डोंगराची ओढ असलेल्या जुन्या मंडळींचा आक्षेप निराळा आहे. वाट शोधणे हाच या छंदाचा गाभा, तो काढून घेतला तर उरते ती चालण्याची कवायत, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. नकाशा वाचत, धारेचा अंदाज घेत, भेटलेल्या गुराख्याला विचारत एखादी मोडलेली घाटवाट धुंडाळण्यात जो आनंद आहे, तो कुणी हिरावून घेऊ नये. म्हणूनच सगळ्या वाटा रंगवा असे मी म्हणत नाही. सह्याद्रीत कोकण आणि देश जोडणाऱ्या घाटवाटा इतक्या आहेत की त्यांतल्या बहुसंख्य वाटांना हातही लावू नये. नळीची वाट, ढाकच्या बहिरीचा कातळ, अशा अवघड जागी बाण मारणे तर सरळसरळ घातक आहे, कारण तिथे बाण म्हणजे ‘या, जमेल’ असे आमंत्रण ठरते. स्कॉटलंडमध्ये डोंगरावर कृत्रिम खुणा नकोत असा फार जुना आणि आग्रही विचार आहे. तरीही बेन नेव्हिसच्या माथ्यावर दगडी मनोरे उभे आहेत. १,३४५ मीटर उंचीचा तो डोंगर हरिश्चंद्रगडापेक्षा बुटका, पण त्याचा माथाही आपल्या पठारांसारखा: दोन्ही बाजूंना खोल कडे, मधून सुरक्षित उतरणीचा अरुंद पट्टा, आणि वर्षातले बहुतेक दिवस ढग. तत्त्वाला इतक्या घट्ट धरणाऱ्या माणसांनीही तिथे अपवाद केला, कारण समोर माणसे मरत होती. हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीतून कातळाचा टप्पा चढून आल्यानंतरची देवळापर्यंतची चाल, किंवा खांडसहून भीमाशंकरला जाताना गणेश घाट आणि शिडी घाट यांचा फाटा, इथे वाट शोधण्याचा आनंद घ्यायला कुणी जात नाही. तिथे हजारो माणसे फक्त वर पोचायला जातात. त्यांना गणेश घाटाऐवजी भर पावसात शिड्यांवर नेऊन सोडण्यात साहसाची कोणती प्रतिष्ठा राखली जाते, ते मला समजत नाही.

खुणा केल्या की गर्दी वाढेल, असे निसर्गप्रेमी म्हणतात. गर्दी केव्हाच वाढली आहे, आणि तिला वाट दाखवणारे बाण नाहीत, मोबाइलच्या पडद्यावरची छायाचित्रे आहेत. आता प्रश्न उरतो तो ही पावले कुठे पडतील एवढाच. वाट स्पष्ट नसली की प्रत्येक गट आपली नवी वाट पाडतो. एकाच उतारावर चार-चार समांतर चर पडतात, पहिल्याच पावसात त्यांतून माती वाहून जाते, आणि मग त्या चरांतून चालणे अवघड झाल्याने पाचवी वाट पडते. वनस्पती तुडवण्याचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसले आहे की कोऱ्या जमिनीवरचे मोठे नुकसान पहिल्या काही पावलांतच होते, आधीच मळलेल्या वाटेवर आणखी शंभर माणसे चालली तरी नव्याने फारसे बिघडत नाही. म्हणजे शंभर माणसे एका वाटेवरून जाणे, ती दहा वाटांवर पांगण्यापेक्षा जमिनीला बरे. पठारावरच्या पातळ मातीत उगवणाऱ्या, वर्षातून काही आठवडेच दिसणाऱ्या वनस्पतींच्या दृष्टीने हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. दगड रचण्याच्या हौसेलाही याच कारणाने माझा विरोध आहे. सड्यावरच्या सुट्या दगडाखाली पाली, विंचू, फुरशी, देवगांडूळ असे कितीतरी जीव राहतात. दगड उचलला की त्यांचे छप्पर गेले. शिवाय आपल्याकडे नवस म्हणून, घर व्हावे म्हणून दगडावर दगड रचण्याची जुनी रीत आहे, आणि आता छायाचित्रासाठी रचणाऱ्यांची भर पडली आहे. त्यामुळे धुक्यात दिसलेली रास वाटेची आहे की कुणाच्या नवसाची, हे ओळखता येत नाही. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पाहुण्यांना म्हणूनच सांगतात की आहेत त्या राशींना हात लावू नका, त्यांत दगड घालू नका आणि नव्या रचू नका. आपल्याकडे दगडांच्या राशी या कामासाठी नकोतच. कातळावर हाताच्या पंजाएवढा पांढरा किंवा पिवळा ठसा, आणि कातळ नसेल तिथे गुडघ्याइतका दगडी खांब पुरे. काळ्या बसाल्टवर लाल रंग धुक्यात दिसत नाही. झाडाला खिळा नको, आणि तट, बुरूज, देऊळ, टाके, लेणे यांवर रंगाचा ठिपकाही नको.

मोबाइल असताना खुणा कशाला, हा तरुणांचा प्रश्न. कुणीतरी चालून नोंदवलेला माग फोनवर उतरवून घ्यायचा आणि त्यावरून चालायचे, हे आता सर्रास चालते. उपयोग होतो, नाही असे नाही. पण त्या मागाचा दोष कातळावरच्या बाणासारखाच आहे: तो कुणी, कोणत्या ऋतूत, कोणत्या तयारीने चालून नोंदवला हे कळत नाही. कदाचित तो नोंदवणारा स्वतःच चुकून परत फिरला असेल. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, थंडीत आणि सतत वापरात बॅटरी उतरते, उंच कड्यांच्या घळीत उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि ठिकाण भलतेच दाखवतो. फोनला खुणेची जोड मिळाली तर मात्र त्याची ताकद वाढते. जर्मनीच्या जंगलांत जागोजागी क्रमांक लिहिलेले बचावबिंदू आहेत. मुळात ते जंगलात काम करणाऱ्या मजुरांसाठी आखले गेले, आता तिथे चालणाऱ्या कुणालाही त्यांचा उपयोग होतो. जखमी माणसाने किंवा त्याच्या सोबत्याने क्रमांक सांगितला की रुग्णवाहिकेला कुठे यायचे ते कळते. आपल्या वाटांवर दर तिसऱ्या-चौथ्या खुणेवर गडाचे अक्षर आणि आकडा लिहिला, तर ११२ वर फोन करणाऱ्याला ‘मोठ्या झाडाजवळ, ओढ्याच्या पलीकडे’ असे सांगत बसावे लागणार नाही. बचावासाठी धावणारी माणसे आपला कामधंदा सोडून येणारे स्वयंसेवक असतात. त्यांची अर्धी रात्र जागा शोधण्यात जाते.

पायथ्याच्या गावातल्या वाटाड्यांचा रोजगार बुडेल, हा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो गरिबाच्या पोटाचा आहे. पण आज वाट चुकणारी माणसे बहुतेक वाटाड्या न घेणारीच असतात, त्यांच्याकडून गावाला तसाही रुपया मिळत नाही. उलट ती हरवली की मध्यरात्री बॅटऱ्या घेऊन त्याच गावकऱ्यांना फुकट शोधायला जावे लागते. खुणांचे काम त्या गावाकडेच सोपवले, वर्षातून दोनदा त्याचा ठरलेला मेहनताना दिला, तर नवा रोजगार उभा राहतो. कुठल्या वाटेला कुठे पाणी फुटते, कुठली दरड सैल आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. अनेक गावांत आजही येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतले जातात. त्या पैशांतून नेमके काय होते असे चालणारे विचारतात, तेव्हा दाखवायला गावाकडे राखलेली वाट असेल. अवघड वाटांसाठी, रात्रीच्या मुक्कामासाठी, जंगल समजून घेण्यासाठी वाटाड्या लागणारच आहे, आणि त्या कामाचा दर वाट दाखवण्यापेक्षा जास्त असायला हवा.

उरला तो सरकारी आक्षेप, जो उघड कुणी बोलत नाही. अधिकृत खूण केली आणि तरीही माणूस मेला, तर उत्तर कोण देणार? या भीतीपोटी पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, आणि तेवढ्याने कर्तव्य संपते. बंदीने माणसे थांबत नाहीत. नाका चुकवण्यासाठी ती आडवाटेने, अंधारात, कुणाला न सांगता जातात, म्हणजे धोका वाढवूनच जातात. आणि जमिनीचे मालक वाटले गेलेले: डोंगर वन विभागाचा, गडाचा माथा पुरातत्त्व विभागाचा, पायथा ग्रामपंचायतीचा, पर्यटनाची जाहिरात तिसऱ्याच खात्याची. जुलै २०२५ मध्ये राजगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा आनंद सगळ्यांनी केला. पण त्या किल्ल्यांवर चढणाऱ्या पायवाटेची मालकी सांगायला आजही कुणी पुढे येत नाही. वनजमिनीवरून जाणाऱ्या वाटेची जबाबदारी वन विभागाने घ्यावी, देखभाल गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने करावी, वाटेची पाहणी आणि वर्गवारी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघातल्या संस्थांनी करून द्यावी, आणि पायथ्याच्या पाटीवर या तिघांची नावे व शेवटच्या पाहणीचा महिना असावा. त्या पाटीवर साफ लिहावे की ही वाट कोणत्या वर्गाची आहे, किती वेळ लागेल, किती वाजल्यानंतर वर जाऊ नये, आणि पावसाळ्यात तिचा कोणता भाग चालण्याजोगा नसतो. एवढे केलेल्या अधिकाऱ्याची बाजू, काहीच न करता मनाई आदेश चिकटवणाऱ्यापेक्षा कोणत्याही चौकशीत भक्कमच ठरेल.

सुरुवात दहा-बारा वाटांपासून करता येईल, जिथे बचाव पथकांना पुन्हा पुन्हा जावे लागले आहे तिथून. पाऊस सरला की ऑक्टोबरात गवत कापताना पाहणी, आणि मेअखेरीस पावसाच्या तोंडावर रंग, असे दोन फेरे. पण पहिल्या वर्षी रंगाच्या डब्याआधी तारेचे ब्रश घेऊन जावे लागेल. आहेत ते सगळे बाण, ठिपके, आद्याक्षरे घासून काढायची, चिंध्या आणि फिती सोडवून खाली आणायच्या. ज्या मंडळांनी कधी काळी चांगल्या हेतूने ते बाण मारले, त्यांचीच माणसे या कामाला आधी बोलवावीत. कोणता बाण कुठे जातो हे अजूनही त्यांनाच आठवत असेल.